चार ओळींची सूचना चार ओळींतच दिसावी: पॅकेज बांधणाऱ्यांसाठी

एखाद्या कारखान्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर न्यायचं आहे, असं समजा. पॅकेज बसताना स्क्रीनवर ही सूचना यायला हवी:

    सावधान: या आवृत्तीत नोंदींची जागा बदलली आहे.
    पुढे जाण्याआधी जुन्या नोंदींचा बॅकअप घ्या.

    बॅकअप न घेता पुढे गेल्यास मागचा हिशेब
    परत मिळणार नाही.

आणि प्रत्यक्षात येते ती अशी:

    सावधान: या आवृत्तीत नोंदींची जागा बदलली आहे.      पुढे जाण्याआधी जुन्या नों
    दींचा बॅकअप घ्या.       बॅकअप न घेता पुढे गेल्यास मागचा हिशेब परत मिळणार ना
    ही.

शब्द तेच आहेत, एकही गळलेला नाही. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला बसलेला ऑपरेटर हे वाचणार नाही. तो फोन करून विचारेल, "काय तर लांबलचक आलंय बघा स्क्रीनवर. एंटर मारू का?" किंवा फोनही करणार नाही, सरळ एंटर मारेल. म्हणून ओळ कुठे तुटते, रिकामी ओळ राहते की जाते, समास किती पडतो, या गोष्टी मला सजावटीच्या वाटत नाहीत. सूचना पोचणं न पोचणं त्यांच्यावर ठरतं.

सोलापुरात कॉलेजांतून बाहेर पडणारी बरीच मुलं आता लिनक्सवर चालणारी छोटी सॉफ्टवेअरं बनवतात आणि ती पॅकेज करून देतात. त्यांच्यासाठी हा लेख. पण ज्यांनी पॅकेज कधी बांधलं नाही त्यांनाही तो कळावा असा प्रयत्न आहे.

पॅकेज म्हणजे काय ते आधी थोडक्यात. सॉफ्टवेअरचा मूळ कोड आणायचा, तो यंत्राला चालेल अशा रूपात आणायचा, लागणाऱ्या सगळ्या फाइली कुठे जायच्या ते ठरवायचं आणि सगळ्याचा एक गठ्ठा करायचा. हा गठ्ठा म्हणजे पॅकेज. ही कामं क्रमाने करून घेणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड सिस्टीम. डेबियन, फेडोरा, जेंटू, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी अशा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमची व्यवस्था वेगळी आहे. पण बहुतेकांच्या पोटात दोन जुने गडी काम करत असतात. एक मेक, म्हणजे लिहून दिलेली कामं क्रमाने करून घेणारा, जो स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये 1976 साली लिहिला. दुसरा शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकसाठी कामं लिहून ठेवायच्या फाइलमध्ये, लिहिलेली सूचना वाचणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत थेट जात नाही. आधी ती मेक वाचतो, मग शेल वाचतो, मग छापणारी आज्ञा वाचते, आणि शेवटी टर्मिनल किंवा ओळी भरून देणारं एखादं साधन तिला हात लावतं. नवी ओळ, मोकळी जागा, बॅकस्लॅश (\) आणि डॉलरचं चिन्ह यांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या नियमाने लावतो. एकाच कापडावर चार शिंप्यांनी आपापल्या मापाने कात्री चालवावी, तसं मजकुराचं होतं. ओळ कुठे तोडायची हे एकानेच ठरवावं आणि बाकीच्यांनी मजकूर जसाच्या तसा पुढे द्यावा, अशी सोय करणं हेच यातलं खरं काम. पुढे जे सांगतो ते सगळं या एका गोष्टीसाठी.

सगळ्यात जास्त घोळ मेकमध्ये होतो, म्हणून तिथे जरा थांबू.

मेकफाइलमध्ये लांब मजकूर लिहिताना ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देऊन पुढच्या ओळीवर जायची सवय असते. लिहिणाऱ्याला वाटतं आपण तीन ओळी लिहिल्या. पण तो मजकूर व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेला, असेल, तर मेक बॅकस्लॅश, नवी ओळ आणि आजूबाजूची मोकळी जागा या सगळ्याच्या जागी एकच स्पेस ठेवतो. तीन ओळींची एक ओळ झाली. हा मेकचा दोष नाही. बॅकस्लॅशचा अर्थच तिथे "ओळ अजून संपलेली नाही" असा आहे.

हाच मजकूर व्हेरिएबलमध्ये न ठेवता थेट आज्ञेत लिहिला, तर नियम बदलतो. तिथे मेक बॅकस्लॅश आणि नवी ओळ दोन्ही तशीच शेलकडे देतो, फक्त पुढच्या ओळीच्या सुरुवातीचा एक टॅब काढून टाकतो. मग शेल काय करतो? मजकूर दुहेरी अवतरणात असेल तर शेल बॅकस्लॅश आणि नवी ओळ दोन्ही खाऊन ओळी जोडतो. टॅबनंतर तुम्ही दिलेले जादा स्पेस मात्र तसेच राहतात. वरच्या बिघडलेल्या सूचनेत मध्येच जी मोठी मोकळी जागा दिसते, ती इथून आली. मजकूर एकेरी अवतरणात असेल तर शेल काहीच खात नाही. ओळी नीट तुटतात, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश छापून येतो:

    सावधान: या आवृत्तीत नोंदींची जागा बदलली आहे. \
    पुढे जाण्याआधी जुन्या नोंदींचा बॅकअप घ्या.

म्हणजे तोच मजकूर, तेच बॅकस्लॅश, आणि तीन ठिकाणी तीन निकाल. हे एकदा स्वतः करून बघावं. वाचून पटतं, पण हातून झाल्यावर लक्षात राहतं.

डॉलरच्या चिन्हाचंही असंच. सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशात जातात, त्यामुळे निर्यातीच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉलर यायचाच. मेकफाइलच्या आज्ञेत दुहेरी अवतरणात "दर $250" असं लिहिलं तर छापून येतं "दर 50". मेकने $2 हे व्हेरिएबलचं नाव धरलं, त्यात काही नव्हतं, म्हणून जागा रिकामी राहिली. मेकमध्ये खरा डॉलर हवा असेल तर तो दोनदा लिहायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. म्हणून लिहिणारा "दर $$250" असं करतो. तरीही येतं "दर 50"! कारण आता मेकने एक डॉलर पुढे दिला, आणि दुहेरी अवतरणात शेलनेही $2 हे व्हेरिएबलच धरलं. डॉलर दोनदा आणि अवतरण एकेरी, अशी दोन्ही काळजी घेतली तरच "दर $250" दिसतं. एका चिन्हाला दोन वाचणारे असले की दोघांपासूनही ते वाचवावं लागतं.

ग्नू मेकमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या मेकमध्ये, अनेक ओळींचा मजकूर ठेवायला डिफाइन आणि एंडेफ अशी जोडी आहे. त्यांच्यामधल्या ओळी नव्या ओळींसकट टिकतात. पण तो मजकूर आज्ञेत तसाच वापरला, तर मेक त्यातली प्रत्येक ओळ स्वतंत्र आज्ञा समजून वेगवेगळ्या शेलकडे पाठवतो, आणि शेल म्हणतो, "सावधान" नावाची आज्ञा मला सापडत नाही. यावर दोन सरळ उपाय आहेत. पहिला, मेकच्याच इन्फो या फंक्शनने छापायचं. त्यात शेल येतच नाही, त्यामुळे ओळी जशाच्या तशा येतात. त्याचीच भावंडं म्हणजे वॉर्निंग आणि एरर. दुसरा उपाय, तो मजकूर एक्सपोर्ट करून पर्यावरणात (मेककडून शेलला मिळणाऱ्या व्हेरिएबलांत) ठेवायचा आणि आज्ञेत शेलच्या व्हेरिएबलमधून, दुहेरी अवतरणात, छापायचा. शेल व्हेरिएबल उघडतो तेव्हा आतल्या मजकुरातले डॉलर पुन्हा तपासत नाही, म्हणून मजकूर सुखरूप राहतो. बीएसडीच्या मेकमध्ये डिफाइन नाही. नेटबीएसडीच्या मेकमध्ये मात्र नव्या ओळीसाठी डॉट न्यूलाइन नावाचं तयार व्हेरिएबल आहे.

आता शेल. इथे अनेक ओळींसाठी सगळ्यात चांगली सोय म्हणजे हिअर डॉक्युमेंट. कॅट या आज्ञेपुढे << लिहायचं, त्यापुढे शेवटाची खूण म्हणून एक शब्द, आणि मग तोच शब्द एकटा येईपर्यंतचा सगळा मजकूर जसाच्या तसा जातो. खूण म्हणून बहुतेक जण ईओएफ लिहितात, पण तो केवळ रिवाज आहे. मराठी शब्दही चालतो (पहिल्या ओळीच्या सुरुवातीला कॅट आहे असं धरा):

    <<'संपलं'
    सावधान: या आवृत्तीत नोंदींची जागा बदलली आहे.
    पुढे जाण्याआधी जुन्या नोंदींचा बॅकअप घ्या.
    संपलं

पहिल्या ओळीत त्या शब्दाभोवतीचं एकेरी अवतरण फार महत्त्वाचं आहे. ते असलं की शेल आतल्या कशालाही हात लावत नाही. नसलं की डॉलरची चिन्हं उघडली जातात, आणि त्याहून धोक्याचं म्हणजे उलट्या स्वल्पविरामांमधला (बॅकटिक, ` या चिन्हांमधला) मजकूर आज्ञा म्हणून चालवला जातो. आजकाल मजकुरात आज्ञेचं नाव लिहिताना ते उलट्या स्वल्पविरामांत घालायची सवय सगळ्यांना लागली आहे. "जुन्या नोंदी काढण्यासाठी पुढची आज्ञा द्या" असं लिहून ती आज्ञा उलट्या स्वल्पविरामांत लिहिली आणि खुणेभोवती अवतरण दिलं नाही, तर सूचना छापता छापता नोंदी निघून जातील. पॅकेज बसताना हे सगळं रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतं. माझ्या मते खुणेभोवती अवतरण देणं हाच नेहमीचा नियम असावा, आणि मजकुरात खरंच काही बदलून घालायचं असेल तेव्हाच ते काढावं.

<< नंतर एक आडवी रेघ दिली तर शेल ओळींच्या सुरुवातीचे टॅब काढून टाकतो, म्हणजे कोडमध्ये मजकूर आत सरकवून लिहिता येतो. पण तो फक्त टॅब काढतो, स्पेस नाही. तुमच्या एडिटरने टॅबचे स्पेस करून टाकले असतील तर मजकुराला समास पडेलच. शिवाय शेवटची खूणही आत सरकलेली असेल तर शेल ती ओळखणारच नाही आणि फाइल संपेपर्यंतचं सगळं सूचनेचा भाग समजेल. आणि मेकफाइलमध्ये हिअर डॉक्युमेंट सरळ चालत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळ वेगळ्या शेलला जाते. ग्नू मेक 3.82 पासून सगळ्या ओळी एकाच शेलला देण्याची सोय आहे, पण ती लावली की त्या फाइलमधल्या सगळ्याच आज्ञांना लागू होते. एका सूचनेसाठी एवढा बदल करू नये असं मला वाटतं.

छापायला इको वापरायचं की प्रिंटएफ? प्रिंटएफ. इकोला बॅकस्लॅश दिसला तर काय करायचं यावर शेलांचं एकमत नाही. बॅश तो तसाच छापतो, डॅश त्याचा अर्थ लावून नवी ओळ वगैरे करतो. उबंटूने 2006 मध्ये 6.10 आवृत्तीपासून आणि डेबियनने 2011 च्या स्क्वीझ आवृत्तीपासून साधा शेल म्हणून डॅश घेतला. त्यामुळे विकसकाच्या टर्मिनलवर बॅशमध्ये नीट दिसणारी सूचना पॅकेज बसताना डॅशमध्ये वेगळी दिसू शकते. प्रिंटएफ दोन्हीकडे सारखं वागतं. फक्त स्वतःचा मजकूर त्याच्या पहिल्या जागी देऊ नका. "100% कॉटन" मधलं टक्क्याचं चिन्ह त्याला सूचना वाटतं. पहिल्या जागी साचा द्यायचा, "एक मजकूर आणि नवी ओळ" असा, आणि मग पुढे हव्या तेवढ्या ओळी वेगवेगळ्या अवतरणांत द्यायच्या. प्रिंटएफ तोच साचा प्रत्येकाला लावतं आणि प्रत्येक तुकडा आपल्या ओळीवर येतो. पाच-सहा ओळींच्या सूचनेसाठी मला तरी हीच पद्धत वाचायला सर्वात सोपी वाटते.

इथवर आपण मजकूर वाचवत होतो. काही व्यवस्थांनी मात्र वेगळी वाट धरली आहे: मजकूर द्या, ओळी आम्ही भरतो. ही वाटही चांगली आहे, फक्त तिचे नियम माहीत हवेत. डेबियनमधलं पॅकेजचं वर्णन घ्या. पहिली ओळ म्हणजे छोटा सारांश, 80 अक्षरांच्या आतला. त्याखालच्या प्रत्येक ओळीची सुरुवात एका स्पेसने. एका स्पेसने सुरू होणाऱ्या ओळी परिच्छेदाचा भाग मानल्या जातात आणि दाखवणारं साधन त्या आपल्या रुंदीप्रमाणे पुन्हा भरतं. दोन किंवा जास्त स्पेसने सुरू होणारी ओळ जशी आहे तशी दाखवली जाते. आणि रिकामी ओळ हवी असेल तर एक स्पेस आणि एक टिंब:

    डिस्क्रिप्शन: टॉवेल कारखान्याच्या उत्पादनाची नोंदवही
     पाळीनुसार उत्पादनाच्या नोंदी ठेवते
     आणि महिन्याचा हिशेब काढून देते.
     .
     नोंदी या क्रमाने दिसतात:
       माग क्रमांक   पाळी   नग

ते टिंब विसरून खरीच रिकामी ओळ सोडली, तर त्या फाइलच्या नियमाप्रमाणे तो विभाग तिथेच संपतो आणि पुढचा मजकूर नवा विभाग समजला जातो. बिल्ड तिथेच अडतं, आणि चूक सांगणारा संदेश भलतंच काही बोलत असतो.

सीमेक या बिल्डच्या साधनामध्येही जवळपास हाच विचार आहे. इशारा किंवा चूक म्हणून दिलेल्या संदेशात, समास न देता लिहिलेला मजकूर सीमेक परिच्छेद म्हणून भरतो आणि आत सरकवलेल्या ओळी तशाच ठेवतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन व्यवस्था एकाच उत्तरावर आल्या, याचं कारण उघड आहे. वाहता मजकूर वेगळा आणि जागच्या जागी राहायला हवा असा मजकूर वेगळा. परिच्छेद स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे भरला तरी चालतं, पण तक्ता, आज्ञा किंवा फाइलचा पत्ता मध्येच तुटला तर वाचणाऱ्याला तो उचलून वापरता येत नाही. सूचना लिहिताना हा भेद आधी मनात करावा. वर्णन वाहतं ठेवावं. जे माणूस जसंच्या तसं टाइप करणार आहे ते स्वतंत्र ओळीवर, आत सरकवून लिहावं.

फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे तिथल्या पॅकेज बांधण्याच्या व्यवस्थेत, पोर्ट का बांधता येत नाही याचं कारण एका व्हेरिएबलमध्ये देतात आणि व्यवस्था ते पुढच्या-मागच्या वाक्यात बसवून ओळी भरून दाखवते. म्हणून त्या मजकुराला अवतरण देऊ नका असा तिथला नियम आहे. नेटबीएसडीची पीकेजीएसआरसी ही व्यवस्था 1997 मध्ये त्याच पोर्ट्समधून निघाली, पण तिथे कारणाची प्रत्येक ओळ स्वतंत्र अवतरणात देतात आणि एक अवतरण म्हणजे एक ओळ असं धरलं जातं. मूळ एक असून नियम उलटे. म्हणून एकीकडची ओळ उचलून दुसरीकडे चिकटवण्याआधी तिथली मार्गदर्शिका उघडून बघावी. यामल हा फाइल लिहिण्याचा साचा वापरणाऱ्या व्यवस्थांमध्ये उभी रेघ दिली तर ओळी टिकतात आणि > दिलं तर जोडल्या जातात. निक्स या पॅकेज व्यवस्थेत दोन्ही बाजूंना दोन-दोन एकेरी अवतरणं दिलेल्या मजकुराचा सगळ्या ओळींना सारखा असलेला समास आपोआप निघून जातो, आणि ही फार सुखाची सोय आहे.

संदेश बांधणी चालू असताना येत असेल तर तो एकटा येत नाही. मागेपुढे हजारो ओळींचा लॉग असतो. तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खूण लावणं उपयोगी पडतं. पीकेजीएसआरसीमध्ये टप्प्याची ओळ ===> ने सुरू होते आणि त्यातल्या पायरीची => ने. जेंटूमध्ये तारांकन येतं. खूण फक्त पहिल्या ओळीला लावली, तर लॉगमध्ये शोधणाऱ्याला "सावधान" सापडतं, पण काय सावधान ते सापडत नाही. म्हणून संदेशाचा मजकूर आधी एकत्र करावा आणि मग सेडसारख्या साधनाने एकाच झटक्यात प्रत्येक ओळीला खूण लावावी. हाताने प्रत्येक ओळीत लिहिली की दोन महिन्यांनी कोणीतरी मध्ये एक ओळ घालतो आणि तिला खूण राहून जाते. बिल्डची अनेक कामं एकाच वेळी चालत असतील तर दोन कामांच्या ओळी एकमेकांत मिसळतात. ग्नू मेक 4.0 पासून प्रत्येक कामाचं आउटपुट एकत्र धरून मग छापायची सोय आहे, ती चालू करावी.

कधी दाखवायचं, हाही प्रश्न आहे. दर वेळी तीच सूचना दिसली की माणूस ती वाचणं सोडतो. जेंटूमध्ये यासाठी रीडमी डॉट जेंटू नावाचा तयार कोड आहे. त्याला सगळा मजकूर एकत्र द्यायचा. तो फोल्ड नावाच्या साधनाने 70 च्या रुंदीत ओळी पाडतो, मजकूर कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि स्क्रीनवर एरवी फक्त पहिल्यांदा बसवताना दाखवतो. फ्रीबीएसडीत पॅकेज संदेशाच्या फाइलमध्ये नव्याने बसवताना एक, अद्ययावत करताना दुसरा, आणि अमुक आवृत्तीवरून येणाऱ्यालाच तिसरा, असं वेगवेगळं लिहिता येतं. आपल्या उदाहरणातली बॅकअपची सूचना जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्यासाठीच आहे. पहिल्यांदा बसवणाऱ्याकडे जुन्या नोंदी नसतातच. त्याला ती दाखवली तर तो उगाच घाबरेल.

आता देवनागरी. यावर इंग्रजी मार्गदर्शिकांत फारसं काही मिळत नाही आणि आपल्याला तर रोजच लागतं. 80 ची रुंदी आली पंचकार्डावरून. आयबीएमचं 80 रकान्यांचं कार्ड 1928 चं, आणि 1978 च्या व्हीटी 100 टर्मिनलनेही 80 च धरले. त्या काळी एक अक्षर म्हणजे एक बाइट म्हणजे एक रकाना. आपल्याकडे ते तसं नाही. "सोलापूर" हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र काना, मात्रा, ऊकार वेगळे मोजून सात चिन्हं होतात. यूटीएफ 8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एकूण 21 बाइट. ओळी पाडणारं साधन बाइट मोजत असेल तर 70 च्या ओळीत स्पेससह फक्त तीन "सोलापूर" बसतात आणि चौथा खाली जातो. स्क्रीनचा मोठा भाग रिकामा, आणि संदेश उभा, अरुंद. फोल्ड आणि एफएमटी या साधनांच्या अनेक आवृत्त्या असंच मोजतात. फोल्डला फक्त स्पेसवरच तोड असं सांगितलं नाही तर ते चिन्हाच्या मधोमध, तीनपैकी एका बाइटवर तोडू शकतं, आणि अक्षराच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं.

म्हणून मराठी सूचनेच्या ओळी आपोआप पाडून घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या हाताने, वाक्याच्या नैसर्गिक थांब्यावर तोडाव्यात, फाइलमध्ये तशाच ठेवाव्यात, आणि हिअर डॉक्युमेंट किंवा वेगळी मजकूर फाइल वापरून जशाच्या तशा छापाव्यात. चौकट काढायच्या फंदात पडू नये. उजवीकडची उभी रेघ देवनागरीत सरळ येत नाही, कारण जोडाक्षराची रुंदी टर्मिनलागणिक वेगळी धरली जाते. वर आणि खाली एकेक आडवी रेघ पुरे. आणि ग्राफिकल खिडकी नसलेल्या लिनक्सच्या साध्या कन्सोलवर जास्तीत जास्त 512 अक्षराकार मावतात आणि जोडाक्षरं जुळत नाहीत, त्यामुळे सर्व्हरवर बसणाऱ्या पॅकेजमध्ये मराठीसोबत इंग्रजी मजकूरही हवाच.

भाषांतराचा विचार केला की अनेक ओळींचा संदेश एकत्र ठेवण्याचं आणखी एक कारण समोर येतं. सोलापुरात एकाच कारखान्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसं असतात, आणि तिघांना आपापल्या भाषेत सूचना मिळाली तर ती नीट पाळली जाते. मूळ संदेश इंग्रजीत चार वेगवेगळ्या इको आज्ञांमध्ये तोडलेला असेल, तर भाषांतर करणाऱ्याला चार सुटे तुकडे मिळतात. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, आपल्या तिन्ही भाषांत ते शेवटी जातं. "बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका" यातला "नका" कोणत्या तुकड्यात घालायचा? गेटटेक्स्ट या संदेश भाषांतराच्या साधनाच्या मार्गदर्शिकेत पूर्ण वाक्यं द्या, परिच्छेदावर तोडा, असं सांगितलंय ते याचसाठी. एक परिच्छेद, एक संदेश. त्यात ओळी कुठे तोडायच्या हे त्या त्या भाषेचा भाषांतरकार ठरवेल. ओळींबाबत गेटटेक्स्टची तपासणी एवढं काटेकोर बघते: मूळ संदेश नव्या ओळीने सुरू होत किंवा संपत असेल तर भाषांतरही तसंच सुरू झालं किंवा संपलं पाहिजे.

पॅकेज बाहेर पाठवण्याआधी संदेश स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, आणि नुसता आपल्या मोठ्या स्क्रीनवर नाही. खिडकी 80 रकान्यांची करून बघावी, मग 40 ची. एकदा बॅशमध्ये, एकदा डॅशमध्ये. एकदा आउटपुट फाइलमध्ये वळवून ती फाइल उघडावी. रंग वापरले असतील तर त्यांचे कोड फाइलमध्ये कचऱ्यासारखे दिसतील. आउटपुट खरोखर टर्मिनलवर जातंय का हे शेलमध्ये तपासूनच रंग द्यावा. टॅब आणि ओळींचे शेवट दिसावेत म्हणून कॅटला मोठ्या ए चा पर्याय देतात, पण त्याने देवनागरीची सगळी अक्षरं कोडमध्ये बदलतात आणि काहीच वाचता येत नाही. त्याऐवजी मोठा ई आणि मोठा टी हे दोन पर्याय द्यावेत. मराठी मजकूर तसाच राहतो, टॅब वेगळे उठून दिसतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलर येतो. त्या डॉलरच्या आधी मोकळी जागा दिसली तर ती तिथेच काढून टाकावी.